डिपॉझिट भरण्याआधी

जून २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट ओसरत असताना, राज्य सरकारने खासगी दवाखान्यांच्या दरांची सुधारित अधिसूचना काढली. गावाशहरांचे अ, ब आणि क असे तीन वर्ग केले. अ वर्गात मुंबई-पुण्याच्या जोडीला नागपूर होतं, आणि नागपुरात महापालिकेच्या हद्दीसोबत वाडी आणि दिगडोह धरले होते. अ वर्गात साध्या वॉर्डातल्या खाटेला दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूला ७,५०० आणि व्हेंटिलेटर लागला तर ९,०००. क वर्गात त्याच तीन गोष्टींना २,४००, ४,५०० आणि ५,४००. म्हणजे आपल्या हिंगणा तालुक्यातलं दिगडोह अ वर्गात आणि त्याच रस्त्याने काही किलोमीटर पुढे असलेलं हिंगणा गाव क वर्गात. रस्ता एकच, रोग एकच, पण खाटेमागे दिवसाला सोळाशे रुपयांचा फरक, आणि तोही सरकारी कागदावर छापलेला.

ते दर कोरोनापुरते होते आणि कधीच संपले. पण मला त्या कागदाने एक गोष्ट शिकवली. दवाखान्याचं बिल रोग किती मोठा आहे एवढ्यावर ठरत नाही. कोणत्या दारातून आत गेलो, कोणत्या वर्गाची खाट घेतली आणि त्या वेळी हातात कोणता कागद होता, यावर ते बरंचसं ठरतं. आणि या तिन्ही गोष्टी पहिल्या तासातच होऊन जातात. त्या तासात घरातलं कोणीच शांत डोक्याने विचार करू शकत नाही. म्हणून तो विचार आज, घरात सगळे बरे असताना करून ठेवायचा. हा लेख त्यासाठीच आहे.

माझ्या थोरल्या भावाच्या वेळी आम्ही तो केला नव्हता. भाऊ एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला होता. रात्री छातीत दुखायला लागलं, शेजाऱ्याच्या गाडीतून जो दवाखाना आधी दिसला तिथे नेलं. काउंटरवर पन्नास हजार डिपॉझिट सांगितलं. वहिनीने गळ्यातली पोत काढून दिली, उरलेले मी आणि शेजाऱ्यांनी मिळून उभे केले. भाऊ वाचला. चौदा दिवसांनी, घरी कपाट आवरताना, त्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या सापडल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक ओळ होती: ईएसआय, कपात. दर महिन्याला त्याच्या पगारातून विम्याचे पैसे जात होते आणि घरातल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. पोत सोडवायला आम्हाला तीन वर्षं लागली.

तेव्हापासून कोणी ओळखीचं आजारी पडलं की मी पहिला प्रश्न पगाराच्या चिठ्ठीचा विचारतो.

चिठ्ठीवरची ती ओळ

कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो, ती आपल्या भागाला नवी नाही. १९४८ च्या कायद्याने ती आली, १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली, आणि १९५४ मध्ये नागपुरात पोचली. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि एम्प्रेस मिलचे भोंगे वाजत होते. गिरण्या गेल्या, कारखाने हिंगणा आणि बुटीबोरीकडे सरकले, योजना मात्र तीच आहे.

नियम साधा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात ज्याचा पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत आहे, तो या विम्यात येतो. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पंधरा हजार पगार धरला तर कामगाराचे ११३ रुपये आणि मालकाचे ४८८, मिळून महिन्याला सहाशेच्या आसपास, वर्षाला सात हजारांच्या वर. एवढी रक्कम तुमच्या नावाने दर वर्षी भरली जाते. बाजारात विमा घ्यायला गेलं तर एवढ्या पैशात बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांच्यासाठी ओपीडीपासून मोठ्या ऑपरेशनपर्यंत सगळं झाकणारी पॉलिसी मिळत नाही. ईएसआयमध्ये ते सगळं येतं, आधीपासून असलेला आजार चालतो आणि बिलाला वरची मर्यादा नाही.

शिवाय रोख रक्कम मिळते, आणि ही गोष्ट लोकांना सर्वात कमी माहीत असते. आजारपणात कामावर जाता आलं नाही तर वर्षातले ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. अट अशी की सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. क्षयरोग, कॅन्सर यांसारख्या लांबणाऱ्या आजारांना ८० टक्के दराने जास्त मुदत मिळते. कामावर अपघात झाला तर ९० टक्के. बाळंतपणाला २६ आठवडे. गरीब घराला दवाखान्याच्या बिलाइतकाच बुडालेला रोज मारतो, आणि दुसऱ्या योजना सहसा त्या रोजाची भरपाई करत नाहीत.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. पगाराची चिठ्ठी घ्या. ठेकेदार चिठ्ठी देत नसेल तर मागा. तो तुमचा हक्क आहे. चिठ्ठीवरचा विमा क्रमांक वहीत लिहून ठेवा. ई-पहचान कार्ड काढून त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का ते बघा. लग्नानंतर बायकोचं नाव घातलेलं नाही, दुसरं मूल कार्डावर नाही, असं फार घरांत असतं. आपल्या भागाचा ईएसआय दवाखाना कोणता ते विचारून ठेवा. तिथून नागपूरच्या सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयाची आणि गरज पडली तर करार असलेल्या मोठ्या खासगी दवाखान्याची चिठ्ठी मिळते. जीव धोक्यात असेल तर जवळच्या कोणत्याही दवाखान्यात न्यावं, मात्र विमा कार्यालयाला लगेच कळवावं आणि प्रत्येक पावती जपावी. परतावा मिळतो, पण तो केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या (सीजीएचएस) दरांइतकाच. दवाखान्याने लावलेलं सगळं बिल परत येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

ठेकेदार पैसे कापतो आणि भरत नाही, असंही होतं. अशा वेळी कायद्याने मूळ कंपनी जबाबदार असते. ईएसआयच्या संकेतस्थळावर विमा क्रमांक टाकून वर्गणी जमा झाली की नाही ते बघता येतं. आजारी पडल्यावर नाही, आत्ता बघा.

रेशन कार्ड आता पांढरं असलं तरी चालतं

ज्यांच्याकडे ईएसआय नाही, म्हणजे शेतकरी, मजूर, ऑटोवाले, छोटे दुकानदार, त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदललं. सुरुवातीला पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांनाच होती आणि मर्यादा दीड लाखाची होती. पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली, आणि जुलै २०२४ पासून सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू झाली, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख झाली. अजूनही अनेक घरांत मला ऐकू येतं, ‘आपलं कार्ड पांढरं आहे, आपल्याला काही मिळत नाही.’ हे जुनं झालं. सत्तर वर्षांवरच्या आईवडिलांना तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं.

या योजनेत तीन ठिकाणी माणूस अडकतो.

पहिलं, योजना दवाखान्याच्या पाटीला लागू नसते, उपचाराला लागू असते. एखादा दवाखाना योजनेत असला तरी सगळे विभाग असतीलच असं नाही. हृदयाचं होतं पण हाडाचं होत नाही, असं असतं. काही ऑपरेशनं फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेली आहेत. म्हणून ‘योजना आहे का?’ एवढं विचारून थांबू नका. ‘या पेशंटचा हा उपचार योजनेत इथे होतो का?’ असं विचारा, आणि ते काउंटरवर विचारू नका. प्रत्येक योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, बहुधा दाराजवळच. त्याला विचारा. तो सापडत नसेल तर १५५३८८ वर फोन करा.

दुसरं, ही योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून नंतर मागायची सोय त्यात नाही. त्यामुळे डिपॉझिट भरून दाखल झालात, दोन दिवसांनी कार्ड आठवलं, तर ते दोन दिवस तुमचेच. रात्री आणलेल्या पेशंटसाठी फोनवरून तातडीची नोंद करता येते, कागद मागून आणता येतात. म्हणून दाराशीच, स्ट्रेचर आत जात असताना, घरातल्या एकाने तोंडाने सांगायचं: ‘आम्ही योजनेत भरती करतोय.’

तिसरं, नावं. रेशन कार्डावर शांताबाई, आधारवर शांता, आणि दवाखान्याच्या कागदावर माहेरचं नाव. एवढ्यावर मंजुरी अडते. नावाची दुरुस्ती तहसील आणि सेतू केंद्रातून होते, पण तिला आठवडे लागतात, आणि आजार आठवडे थांबत नाही. आज संध्याकाळी घरातली सगळी आधार कार्डं रेशन कार्डाशेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. मी सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत हे काम सर्वात कंटाळवाणं आहे आणि सर्वात जास्त पैसे वाचवणारं.

एकदा मंजुरी आली की खाट, तपासण्या, ऑपरेशन, औषधं, इम्प्लांट, जेवण आणि घरी परतायचं भाडं पॅकेजातच येतं. वर वेगळे पैसे मागितले तर पावती मागा आणि आरोग्यमित्राला सांगा.

कोणतं दार

हिंगण्याच्या माणसाला दारांची कमतरता नाही. हे आपलं मोठं भाग्य आहे. गडचिरोलीच्या आतल्या गावातून आलेले लोक ज्या दवाखान्यासाठी दिवसभराचा प्रवास करतात, तो आपल्याला ऑटोने गाठता येतो. पण दार निवडताना त्यामागचं अर्थकारण समजून घेतलं पाहिजे.

सार्वजनिक आरोग्य विभागाचे दवाखाने, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, इथे १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरही फुकट आहे. पण नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, त्यामुळे तो निर्णय तिथे लागू नाही. तिथे थोडी फी लागते, आणि एखादं औषध बाहेरून आणायला सांगितलं तर तो खर्च आपला. तरीही फरक किती असतो? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत, देशात एका वेळच्या भरतीचा सरासरी खर्च सरकारी दवाखान्यात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला, बाळंतपणं वगळून. सातपट. यातला काही भाग सोयीचा आहे, काही भाग गर्दी टाळण्याचा, आणि बराच भाग आपण न विचारल्याचा.

आपल्या रस्त्यावर आणखी एक प्रकारचं दार आहे आणि ते हिंगण्याचं खास आहे. दिगडोह हिल्सवरचं लता मंगेशकर हॉस्पिटल आणि वानाडोंगरीचं शालिनीताई मेघे हॉस्पिटल ही दोन्ही रुग्णालयं वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली आहेत. अशा महाविद्यालयाला मान्यता टिकवायची तर ठरावीक प्रमाणात खाटा भरलेल्या असाव्या लागतात; शिकणाऱ्या मुलांना पेशंट लागतात. संस्थेचं बरंचसं उत्पन्न विद्यार्थ्यांच्या फीमधून येतं. म्हणून देशभरात अशा रुग्णालयांचे जनरल वॉर्ड साध्या नर्सिंग होमपेक्षा बहुधा स्वस्त असतात. तीसचाळीस खाटांच्या नर्सिंग होमला मात्र इमारतीचं कर्ज, सोनोग्राफीचा हप्ता, रात्रपाळीच्या नर्सचा पगार हे सगळं त्याच खाटांवरून काढायचं असतं. अर्ध्या खाटा रिकाम्या असल्या तरी तो खर्च थांबत नाही, आणि मग भरलेली खाट रिकाम्या खाटेचाही भार उचलते. यात प्रत्येक वेळी डॉक्टरचा लोभ शोधायचं कारण नाही. हिशेबच तसा आहे. पण आपल्याला तो माहीत असला पाहिजे: शिकवणाऱ्या रुग्णालयात जनरल वॉर्ड मागा. स्पेशल खोली मागितलीत की तो फायदा संपतो.

लोकमान्य नगरपासून सीताबर्डीपर्यंत मेट्रो झाल्यापासून नेहमीच्या डायलिसिसला, केमोथेरपीला शहरात जाणाऱ्यांचं ऑटोचं भाडं वाचतं. लांबणाऱ्या आजारात हे भाडं बिलात दिसत नाही, पण महिन्याच्या शेवटी ते औषधाइतकं झालेलं असतं. दवाखाना निवडताना तेही मोजा.

धर्मादाय म्हणजे काय

पुष्कळ मोठे दवाखाने सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असतात आणि त्यांना जमीन, कर यांत सवलती मिळालेल्या असतात. त्याबदल्यात त्यांच्यावर एक बंधन आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ अअ आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली २००६ पासूनची योजना सांगते की १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या. शिवाय एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत टाकायची. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. या दुसऱ्या मर्यादेकडे लक्ष द्या. महिन्याला तीस हजार कमावणारं घर स्वतःला गरीब म्हणवून घ्यायला लाजतं, पण कायद्याने त्याला निम्म्या बिलाचा हक्क आहे.

याच योजनेत म्हटलं आहे की तातडीच्या पेशंटला डिपॉझिट न मागता दाखल करून घ्यायचं आणि जीव वाचवणारे उपचार द्यायचे. पुण्यात एका बाळंतिणीच्या मृत्यूनंतर एप्रिल २०२५ मध्ये हा नियम राज्यभर चर्चेत आला. तो नियम मात्र त्याआधी जवळपास वीस वर्षं कागदावर होता.

तुमच्या हातात तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला असला पाहिजे. तो दर वर्षी नवा काढावा लागतो. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी काढताना एक जादा प्रत घरच्या फाइलीत ठेवा. दवाखाना धर्मादाय आहे का, खाट शिल्लक आहे का, हे समाजसेवा विभागात विचारायचं. तिथे ऐकून घेत नसतील तर नागपूरच्या धर्मादाय सहआयुक्तांकडे लेखी अर्ज द्यायचा. मुख्यमंत्री सहायता निधीची मदतही उपचार चालू असतानाच मागावी लागते. दवाखान्याचं अंदाजपत्रक आणि १ लाख ६० हजारांच्या आतला दाखला लागतो, आणि पैसे थेट दवाखान्याला जातात. बिल भरून झाल्यावर अर्ज करून उपयोग नाही.

बिल कुठे फुगतं

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की वैद्यकीय सेवा इतर बाजारासारखी चालत नाही, कारण घेणाऱ्याला काय हवं हे विकणारा ठरवतो. सीताबर्डीवर साडी घेताना आपण चार दुकानं फिरतो. आयसीयूच्या बाहेर बसलेला माणूस फिरू शकत नाही. म्हणून घासाघीस नव्हे, तर माहिती मागणं हेच आपल्या हातात उरतं. आणि माहिती मागण्याचा हक्क आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या बदलानुसार दवाखान्याने मुख्य दरांचा फलक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. शहरात तक्रार महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे जाते, शहराबाहेर जिल्हा शल्यचिकित्सकाकडे.

बिल फुगण्याची सर्वात मोठी जागा औषधं आणि वापरून फेकायच्या वस्तू, म्हणजे सिरिंज, कॅथेटर, ग्लोव्हज. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्लीकडच्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिलं तपासली. औषधं, अशा वस्तू आणि तपासण्या मिळून बिलाचा जवळपास निम्मा भाग होता, आणि काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेला होता. यात छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा प्रकार नव्हता. छापील किंमतच फुगवलेली होती. मोठ्या प्रमाणावर खरेदी करणारा दवाखाना कंपनीकडून वस्तू स्वस्तात घेतो, आणि जिच्यावर छापील किंमत जास्त तीच त्याला परवडते. म्हणजे ‘एमआरपीवर दहा टक्के सूट’ ऐकून समाधान मानू नका. डॉक्टरांना नम्रपणे विचारा, ‘हेच औषध जेनेरिकमध्ये चालेल का?’ जन औषधी केंद्रात तेच औषध अर्ध्याहून कमी किमतीत मिळतं. आतल्याच मेडिकल स्टोअरमधून घ्यायची सक्ती नाही. औषध आणि तपासणी कुठून घ्यायची ते ठरवण्याचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आहे. ऑपरेशन चालू असताना हा वाद घालू नका. चार-पाच दिवस चालणारी अँटिबायोटिक असेल, घरी गेल्यावरची महिन्याची गोळी असेल, तिथे घाला.

स्टेंटचं उदाहरण लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये केली. त्याआधी तोच लाखाच्या वर लावला जायचा. ती मर्यादा पुढे बदलत गेली, पण मर्यादा आहे. २०१७ मध्येच गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यालाही मर्यादा लागली. ऑपरेशनआधी इम्प्लांटचं नाव आणि किंमत लेखी मागा, आणि बिलाला त्याचं स्टिकर जोडून घ्या.

ज्यांनी खासगी विमा घेतला आहे त्यांनी पॉलिसीतली एक ओळ आत्ता शोधावी: खोलीभाड्याची मर्यादा. समजा पाच लाखांची पॉलिसी आणि खोलीला दिवसाला पाच हजारांची मर्यादा आहे. तुम्ही आठ हजारांची खोली घेतली, पाच दिवस राहिलात. तुम्हाला वाटतं फरक तीन हजार गुणिले पाच, पंधरा हजार. पण सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे दरही खोलीच्या वर्गाप्रमाणे लागतात, आणि कंपनी तेही आठाला पाच याच प्रमाणात देते. ते ऐंशी हजार असतील तर पन्नास हजार मिळतात, तीस हजार तुमचे. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही. तरीही खोलीच्या हौसेचे पंचेचाळीस हजार झाले, शिवाय पाच हजारांवरच्या खोलीला ५ टक्के जीएसटी. नवा विमा घ्यायचा असेल तर वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. आणि फॉर्म भरताना साखर, बीपी लपवू नका. आधीच्या आजारासाठी थांबायचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. लपवलेलं उघडं पडलं तर दावा जातो.

सुटीच्या दिवशी

सुटी मिळाली की घरच्यांना पेशंटला गाडीत बसवायची घाई असते. त्या दिवशी एक माणूस फक्त कागदांसाठी ठेवा. एका ओळीत लाखाचं बिल स्वीकारू नका. तारखेवार तपशील मागा आणि दोन गोष्टी ताडून बघा: डॉक्टरांच्या भेटी खरंच तेवढ्या झाल्या का, आणि न वापरलेली औषधं परत घेऊन वजा केली का. विमा असेल तर सुटीच्या वेळची अंतिम मंजुरी कंपनीने तीन तासांत द्यायची आहे. त्यापुढे थांबावं लागलं आणि जादा दिवस लागला तर तो भार तुमचा नाही, कंपनीचा आहे. केस पेपरच्या प्रती लेखी मागितल्या की ७२ तासांत द्याव्या लागतात. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, इम्प्लांटचं स्टिकर, सगळ्या पावत्या. हे कागद पुढच्या डॉक्टरला दाखवले तर निम्म्या तपासण्या पुन्हा होत नाहीत.

आमच्या घरात आता दाराजवळच्या खिळ्याला एक कापडी पिशवी आहे. तिच्यात सगळ्यांच्या आधार कार्डांच्या प्रती, रेशन कार्ड, भावाचं विमा कार्ड, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, जुनी डिस्चार्ज कार्डं, चालू गोळ्यांची यादी आणि एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात १०८ व १५५३८८ लिहिलेलं आहे. मागच्या पावसाळ्यात वहिनीला रात्री दोन वाजता दम लागला तेव्हा पुतणीने, ती नववीत आहे, कोणी सांगण्याआधी ती पिशवी खांद्याला लावली आणि गाडीत जाऊन बसली.